शाळेतले माझे उपवास

मी शाळेत वर्षानुवर्षं उपवास धरले आणि त्यातला एकही देवासाठी नव्हता. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, ज्यांच्यासोबत त्या शाळेत दिवस काढले त्या हेडसरांना नाही. बायको अजून समजते की अॅसिडिटी वाढली म्हणून डॉक्टरांनी मला उपवास सोडायला लावले. मी डॉक्टरांकडे गेलोच नव्हतो.

मी जिल्हा परिषद शाळेतला शिक्षक. जालन्याकडच्या टेंभुर्णीहून आत, आडरस्त्याच्या एका लहान गावात तेव्हा माझी नेमणूक होती. पहिली ते चौथी, चाळीसेक लेकरं, हेडसर आणि मी. राहायला टेंभुर्णीत भाड्याचं घर होतं, तिथून मोटारसायकलवर ये-जा. शाळेला दोन खोल्या, पुढं ओटा आणि बाजूला पत्र्याचं स्वयंपाकघर. त्या स्वयंपाकघरात एक ताई खिचडी शिजवायची. लेकरं तिला मावशी म्हणायची. गावाच्या कडेला बौद्ध वस्ती आहे, ती तिथली. नवरा गवंड्याच्या हाताखाली जायचा. तिची स्वतःची दोन लेकरं आमच्याच शाळेत होती, आणि लाईनमध्ये मध्येच घुसली म्हणून तिची सगळ्यात जास्त बोलणी तीच दोघं खायची.

मी तिच्या हातचं खात नव्हतो. एवढीच गोष्ट आहे. पण ती लिहायला मला इतकी वर्षं लागली.

मी कसा माणूस होतो तेही सांगायला पाहिजे. चौदा एप्रिलला शाळेत भाषण मीच करायचो, आणि बरं करायचो. वस्तीतली म्हातारी माणसं पुढं बसून ऐकायची, टाळ्या वाजवायची. माझ्या डोक्यातून जात गेली आहे असं मला खरंच वाटायचं. घशातून गेली नव्हती. आमच्या घरी शेतात कामाला येणाऱ्यांचा चहाचा कप गोठ्याच्या कोनाड्यात पालथा घातलेला असायचा. आई त्यांना चहा भरपूर द्यायची, वर गूळही द्यायची, पण त्या कपाला हात लावायची नाही, वरून ओतायची. मी मोठा झालो, डी.एड. झालो, त्या कपावरून आईशी भांडलोसुद्धा. आणि नोकरीला लागून या शाळेत आलो तेव्हा पहिल्याच दिवशी ताईनं वाफाळलेली ताटली माझ्या टेबलावर ठेवली आणि माझा हात काही उचलेना.

मी म्हणालो, "आज सोमवार आहे ताई. माझा उपवास असतो."

"अरे देवा, आधी सांगायचं ना सर," म्हणत तिनं ताटली उचलली. तिला बिलकुल काही वाटलं नाही. आपल्याकडं उपवास म्हटलं की पुढं कुणी विचारत नाही. डबा आणला म्हटलं तर हेडसर म्हणाले असते, डबा राहू द्या, गरम घ्या. पोट बिघडलं म्हटलं तर ताईनं उद्या मऊ भात करून आणला असता. उपवासाला मात्र उत्तर नसतं. मला फार सोपी वाट सापडली.

मग मंगळवार देवीचा झाला, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. मध्ये चतुर्थी, एकादशी. बुधवार-शुक्रवार उरायचे, त्या दिवशी मी मधल्या सुट्टीत काहीतरी काम काढून केंद्रशाळेत निघून जायचो. बायको बिचारी भगर करून द्यायची, शेंगदाण्याचे लाडू द्यायची. भगर खाऊन खाऊन मला भगरीचा वास नकोसा झाला होता. ओट्यावर चाळीस लेकरं मटकीची खिचडी ओरपत असायची, फोडणीचा वास वर्गात भरलेला असायचा, आणि मी खुर्चीत बसून केळ सोलत असायचो.

हेडसर रिटायरमेंटच्या जवळ आलेले, मिश्किल. एकदा म्हणाले, "गुर्जी, सगळ्या देवांनी तुमच्याकडंच अर्ज करून ठेवले काय? एखादा तरी नामंजूर करा ना."

चौथीतला एक मुसलमान पोरगा तर सरळ म्हणाला, "सर, आमचे रोजे एक महिना असते. तुमचे बारा महिने?"

सगळे हसले. मीही हसलो.

लेकरांना वाढण्याआधी शिक्षकानं चव घ्यायची, असा नियम आहे. ते काम हेडसर करायचे, ओट्यावरच उभं राहून, चांगली वाटीभर. ते ट्रेनिंगला किंवा रजेवर गेले की माझ्यावर यायचं. तेव्हा मी वाटी घेऊन शाळेच्या मागं जायचो. तिथं बाभळीवर कावळे असायचे. परत येऊन रिकामी वाटी ताईच्या हातात द्यायचो आणि म्हणायचो, "बराबर आहे." ती खूश व्हायची. देवाच्या उपवासात चव कशी चालते, हे तिनं कधी विचारलं नाही. हे वाक्य लिहिताना आजही माझी मान खाली जाते.

आता शाळेबद्दल थोडं. बाहेरचे लोक विचारतात, फुकटच्या खिचडीनं शिक्षणाला काय होतं? त्यांना वाटतं आम्ही शिक्षक खिचडी मोजण्यातच दिवस घालवतो. थोडं खरंही आहे ते. पण लहान गावातली शाळा ज्यानं पाहिली आहे त्याला माहीत असतं की शाळेचे दोन भाग असतात, खिचडीच्या आधीचा आणि नंतरचा. दसरा झाला की आमच्याकडं कापूस वेचणी सुरू होते. आयाबाया दिवस उगवायच्या आत शेतात जातात. सकाळी चूल पेटते ती चहापुरती. लेकरू काळा चहा आणि असला तर पाव एवढ्यावर परिपाठाला उभं राहतं. अकरा-साडेअकरापर्यंत त्याला काही शिकवा, ते आपल्याकडं बघतं पण त्याचे कान पत्र्याकडं असतात. ताईनं मोहरी टाकली की वर्गातले पाढे एकदम अडखळायचे. आणि मधल्या सुट्टीनंतर तेच लेकरू हात वर करायचं, भांडायचं, मस्ती करायचं, उत्तरं द्यायचं. मी अवघड गणित नेहमी दुपारी घ्यायचो. कुणी शिकवलं नव्हतं, अनुभवानं कळलं होतं.

तिसरीत एक मुलगी होती. बाप जालन्याला लोखंडाच्या कारखान्यात, महिन्या-दीड महिन्यानं यायचा. आई रोजानं कापसात. मुलगी बोलायला कमी, पण वाचायला नुकतीच लागली होती. आणि ज्याला नव्यानं वाचता येतं त्याची जी अधाशी अवस्था असते ना, ती तिची होती. मिठाच्या पिशवीवरचं वाचायची, भिंतीवरचं वाचायची, खताच्या रिकाम्या गोणीवरचं वाचायची. पण तिचं वाचन दुपारचं. सकाळी तिच्यासमोर पुस्तक धरलं तर ओळीवरून बोट घसरायचं.

त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा सुरू झाली, आणि एका सोमवारी खिचडीच्या लाईनीत शाळा समितीच्या अध्यक्षांचा नातू दिसला नाही. तो ओट्याच्या टोकाला हाताची घडी घालून बसला होता.

ताईनं हाक मारली, "ए बाळा, ताटली कुठंय तुझी?"

"माझा उपास हाय," तो म्हणाला. "सरांसारखा."

ताई हसली. मलाही गंमत वाटली. गुरुवारी तिघं-चौघं झाले. मग जवळच्या घरांतली पोरं मधल्या सुट्टीत घरी पळायला लागली, घरी जेवायची आणि परत यायचीच नाहीत. घरी गेलेलं पोरगं दुपारी शाळेत येत नाही. म्हशीमागं जातं, नाहीतर गोट्या खेळतं. काही घरांना हवंच होतं ते. ताईच्या हातचं आपल्या लेकरानं खाऊ नये असं मनात होतं, पण तोंडानं म्हणायची सोय नव्हती. ती सोय मी करून दिली. महिन्याभरात निम्मी लाईन उरली. दुपारी माझ्या वर्गात पोरांपेक्षा दप्तरंच जास्त दिसायची.

मला हे दिसत होतं. का होतंय हेही कळत होतं. मी स्वतःला सांगायचो, थंडीचे दिवस आहेत, कामाचे दिवस आहेत, येतील.

डिसेंबरमध्ये समितीची बैठक झाली. अध्यक्ष म्हणजे तालेवार शेतकरी, आवाज मोठा, मन तसं वाईट नाही. म्हणाले, "हेडसर, लेकरं खिचडी खाऊन न्हाई राह्यले. दुपारी शाळा ओस पडून राह्यली. आता ह्याला कारण काय? बाईच्या हाताला चव न्हाई. दुसरी बाई पाहू."

ताई दारात उभी होती. पदराला हात पुसत म्हणाली, "आण्णा, चार वर्सं ह्याच हातचं खाल्लं ना लेकरांनी? तवा चव व्हती आन् आता कुठं गेली?"

"ते मी काय सांगू? लेकरांना इचार."

हेडसर म्हणाले, "मी रोज खातो. मला काही कमी वाटत नाही."

"तुमचं सोडा हो सर, तुम्ही दगडबी पचवाल." लोक हसले. मग अध्यक्ष माझ्याकडं वळले. "गुर्जी, तुम्ही तरणे माणूस. तुम्ही सांगा खरं काय ते. चव कशी हाय?"

ताईनं माझ्याकडं पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर निश्चिंती होती. तिला खात्री होती, कारण मी कितीदा तरी तिला रिकामी वाटी देऊन "बराबर आहे" म्हणालो होतो.

मी म्हणालो, "मला उपवास असतात. मला काय कळणार?"

ताईच्या तोंडावरचं सगळं उतरलं. हेडसरांनी माझ्याकडं एकदा पाहिलं आणि खाली पाहिलं. ठरलं असं की हा महिना बघायचा, लाईनीतली लेकरं वाढली नाहीत तर संक्रांतीपासून दुसरी बाई.

त्या आठवड्यात मला नीट झोप लागली नाही असं लिहिलं तर वाचायला बरं वाटेल, पण मला झोप लागली. माणूस स्वतःला पुष्कळ काही पचवायला शिकवतो.

बुधवारी दुपारी मी तिसरीचं वाचन घेत होतो. केंद्रशाळेत जाण्याचं निमित्त त्या दिवशी मिळालं नव्हतं. वर्गात सातआठ पोरं. त्या मुलीला उठवलं. ती उभी राहिली, पुस्तक धरलं, आणि पुस्तक हलायला लागलं. दोन शब्द वाचले, तिसऱ्यावर थांबली. दिवाळीआधी हाच धडा तिनं न थांबता वाचला होता. मला राग आला. म्हणालो, "लक्ष कुठं आहे तुझं? वाचता येत होतं ना?"

ती पुस्तकातच बघत राहिली.

शेजारचा पोरगा म्हणाला, "सर, ती खाऊन न्हाई राह्यली. शाळेच्या मागं बसती मधल्या सुट्टीत. तिच्या घराला कुलूप असतं."

"का गं? खिचडी का नाही घेत?"

"उपास हाय सर."

"आज बुधवार आहे. बुधवारी कसला उपवास?"

तिनं वर पाहिलं. मी चिडलो आहे हे तिला कळत होतं, तरी तिचा आवाज साधाच होता. म्हणाली, "तुमचा जो हाय, तोच."

मी तिला बसवलं. फळ्याकडं तोंड करून उभा राहिलो आणि काहीतरी लिहीत राहिलो, काय ते आठवत नाही. या मुलीला गावातल्या जातीपातीचं काही देणंघेणं नव्हतं. तिला मोठ्या घरच्या मुलींसारखं, सरांसारखं व्हायचं होतं. त्यांच्या घरी जेवण होतं. हिच्या घराला कुलूप होतं. माझ्या पिशवीत शेंगदाण्याचा लाडू होता, आणि तो काढून तिला देण्याचीसुद्धा मला लाज वाटली, इतका तो मला त्या क्षणी घाण वाटला. तरी दिला. तिनं उपासाचा म्हणून खाल्ला.

दुसऱ्या दिवशी गुरुवार. मधल्या सुट्टीची घंटा झाली. मी ऑफिसातून ताटली घेतली आणि ओट्यावर गेलो. हेडसर बसले होते, त्यांनी सतरंजीवर सरकून जागा केली. मी तिथं बसलो नाही. शाळेच्या मागं गेलो. मुलगी भिंतीला टेकून बसली होती. म्हणालो, "चल. ताटली आण."

"सर, उपास—"

"सुटला आज. दोघांचाही."

आम्ही लाईनीत उभे राहिलो, ती पुढं, मी मागं. पोरांमध्ये एकच कल्ला.

"सर, आज गुरुवार हाय!"

"माहीत आहे."

"मंग? देव कोपंल ना?"

"कोपू दे. मी बघून घेतो त्याचं."

ताईच्या हातातला डाव हवेतच थांबला. तिनं मुलीच्या ताटलीत वाढलं, मग माझ्याकडं पाहिलं. बैठकीनंतर ती माझ्याशी बोललेली नव्हती. म्हणाली, "थोडं वाढू का, का भरून?"

"भरून."

मी त्या मुलीशेजारी बसलो. पहिला घास घेतला तेव्हा घसा आवळला. खरंच आवळला, इतक्या वर्षांचं आत बसलेलं होतं. मी पाणी न पिता तो गिळला. दुसरा सोपा गेला. तिसऱ्या घासाला लक्षात आलं की मटकी थोडी कच्ची आहे आणि मीठ जरा जास्त आहे. चमत्कार काही नव्हता. साधी, गरम खिचडी होती. शेजारी मुलगी मान खाली घालून भराभर खात होती. आणि मला इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू! जणू ओझं घेऊन घाट चढत होतो आणि कुणीतरी मागून ते उचलून घेतलं. मी दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

ताई लांबूनच ओरडली, "सर, मीठ कसं हाय?"

"जास्त आहे."

"मंग उद्या कमी टाकते," ती म्हणाली. तिच्याशी माझं पहिलं खरं बोलणं हेच.

त्यानंतर मी रोज ओट्यावर जेवलो. सोमवारी, गुरुवारी, एकादशीलाही. पोरं परत यायला लागली. अध्यक्षांचा नातू तर पहिल्याच आठवड्यात. घरी एकट्यानं जेवण्यात त्याला तरी काय मजा? सरांनी सोडले म्हटल्यावर उपवासाची फॅशनच गेली. ज्यांच्या मनात वेगळं होतं त्या एक-दोन घरांची पोरं नाही आली, पण बहुतेक आली. संक्रांतीला अध्यक्ष शाळेत तिळगूळ घेऊन आले, लाईन पाहिली, म्हणाले, "चव आली म्हणायची बाईच्या हाताला," आणि विषय संपला. ताई राहिली. आजही तिथंच आहे.

मुलगी उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत पुन्हा गोण्या वाचायला लागली होती. मागच्या वर्षी टेंभुर्णीच्या बाजारात तिची आई भेटली. मी ओळखलं नाही, तिनंच हाक मारली. "गुर्जी, पोरगी बारावीला हाय. नर्सिंगचं करायचं म्हणती. खर्चा लई हाय, पण करू." मी म्हणालो, "छान आहे," आणि भाजीच्या पिशव्या घेऊन रस्त्याच्या कडेला किती तरी वेळ उभा राहिलो. आनंद होता तो, आणि सुटका होती. एका लेकराचं माझ्या हातून बिघडता बिघडता राहिलं होतं. खिचडीमुळं ती शिकली असं मी म्हणत नाही. ती तिच्या अकलेनं आणि आईच्या कष्टानं शिकली. पण त्या दीड-दोन महिन्यांत तिची दुपार मी काढून घेतली होती, आणि ती तिला परत मिळाली, हे मला माहीत आहे.

उपवास सोडले तेव्हा लोकांना कारण सांगावं लागलं. मी म्हणालो, डॉक्टर. एक खोटं झाकायला दुसरं. हेडसरांना पटलं नसावं, पण ते म्हणाले, "चांगला डॉक्टर भेटला तुम्हाला. पत्ता द्या, गावात बऱ्याच जणांना दाखवू." मी हसण्यावारी नेलं. सांगायची ती वेळ होती, आणि मी ती जाऊ दिली.

पुढं माझी बदली झाली. निरोपाच्या दिवशी ओट्यावर कार्यक्रम झाला. हेडसर बोलले, दोन पोरं बोलली. मग कुणी न सांगता ताई उठली. ती कधी चार माणसांत बोललेली मी पाहिलं नव्हतं. म्हणाली, "मला काही बोलता येत न्हाई. पण माझं काम जायला लागल्तं तवा सर पंगतीला येऊन बसले, म्हणून माझं काम राह्यलं. सरांनी माझी बाजू घेतली. हे मी इसरणार न्हाई." आणि तिनं मला टॉवेल-टोपी दिली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी टोपी डोक्यावर घालून घेतली आणि हात जोडले.

तिचं काम माझ्यामुळंच जायला लागलं होतं. ते मी ओट्यावर सांगायला हवं होतं, त्या टाळ्यांमध्येच. सांगितलं नाही. आज इथं लिहिलं आणि, खोटं कशाला बोलू, छाती मोकळी झाली. पण हे लिहिणं वाचणाऱ्यांसाठी झालं. तिचं देणं अजून तसंच आहे. तिच्या घरी जायचं, तिच्या चुलीवरचा चहा प्यायचा, आणि तिच्या तोंडावर सांगायचं: ताई, मी तुझी बाजू घेतली नव्हती, तुझ्या हातचं खायला नको म्हणून मी उपवास धरायचो, आणि माझंच बघून लेकरांनी खिचडी सोडली. एवढं मी तिला देणं लागतो, आणि ते मी अजून दिलेलं नाही.